जीपीएस असतानाही पायलट रस्ता कसा चुकतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: दिल्लीहून पुण्याला येणारं विमान लोहगावच्या आसपास वीस-पंचवीस मिनिटं घिरट्या घालत राहिलं. शेजारच्या सीटवरचे काका ठामपणे म्हणाले, "पायलट रस्ता चुकलाय." असं होऊ शकतं का? आणि रिक्षावाल्याच्या मोबाइलमध्येही जीपीएस असताना पायलट चुकेलच कसा?

आधी काकांचं बघू. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ. प्रवासी विमानं आणि हवाई दलाची सुखोई एकाच धावपट्टीवरून ये-जा करतात, आणि एटीसी, म्हणजे विमानांना सूचना देणारं नियंत्रणही हवाई दलाकडेच आहे. सुखोईंचा सराव चालू असेल, धावपट्टीवर कुत्रं शिरलं असेल, पावसाची जोरदार सर आली असेल, तर कंट्रोलर तुम्हाला एका ठरावीक जागी 'होल्ड' करायला सांगतो. मग साधारण एक मिनिट सरळ, अर्धा वळसा, एक मिनिट उलट, पुन्हा अर्धा वळसा, असा लांबट गोल चालू राहतो. असा गोल नेटका काढता येतो तो आपण कुठे आहोत हे पक्कं माहीत असतं म्हणूनच. रस्ता चुकलेलं विमान सहसा घिरट्या घालत नाही. ते सरळ, शांतपणे, पूर्ण आत्मविश्वासाने भलत्याच दिशेला जात असतं, आणि आतल्या दोघांनाही सगळं ठीक चाललंय असंच वाटत असतं.

म्हणजे पायलट चुकतात का, तर हो, चुकतात. फार क्वचित, पण चुकतात. मी बरीच वर्षं एअरलाइनमध्ये उड्डाण केलं, आता नव्या मुलांना नेव्हिगेशन शिकवतो. गाजलेली प्रकरणं वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: यंत्र बहुतेक वेळा चोख चालू असतं. त्याला माणसाने चुकीचं काहीतरी सांगितलेलं असतं, आणि ते खरं की खोटं हे दुसऱ्या, वेगळ्या ठिकाणाहून कुणी पडताळलेलं नसतं.

मोठ्या विमानाला स्वतःची जागा कळते ती तीन वाटांनी. एक, इनर्शियल यंत्रणा. आपण कुठून निघालो हे तिला जमिनीवर असताना सांगायचं. त्यानंतर प्रत्येक वळण आणि वेगातला प्रत्येक बदल मोजत ती स्वतःच हिशेब ठेवते, बाहेरचं काहीही न बघता. असे बहुधा तीन संच असतात. दुसरी वाट उपग्रहांची, म्हणजे जीपीएस. तिसरी जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांची: व्हीओआर दिशा सांगतं, डीएमई अंतर. हे सगळं एकत्र करून फ्लाइट मॅनेजमेंट कॉम्प्युटर विमानाची जागा ठरवतो आणि आम्ही भरलेल्या मार्गावरून ऑटोपायलटला नेतो.

यात माणसाचं बोट कुठे शिरतं ते पुण्याच्याच उदाहरणाने सांगतो. लोहगावचं रेखांश साधारण 73 अंश 55.2 मिनिटं पूर्व. कॉकपिटमधल्या कीपॅडवर ते 07355.2 असं टाइप होतं. घाईत सुरुवातीला एक शून्य जास्त पडलं आणि बाकीचे आकडे एकेक घर सरकले, की ते 00735.5 होतं, म्हणजे 7 अंश 35.5 मिनिटं. ही जागा आफ्रिकेत, नायजरमध्ये, आगादेझ शहराच्या उत्तरेला आहे. पुण्यापासून सुमारे 7,000 किलोमीटर. टाइप केलेला आकडा नियमात बसतो, पृथ्वीवर ती जागा खरोखर आहे, त्यामुळे नुसता आकडा बघून यंत्राने तक्रार करावी असं त्यात काही नाही.

हे कल्पनेतलं वाटेल, पण सिडनीमध्ये 10 मार्च 2015 ला जवळपास असंच झालं. एअर एशिया एक्सचं एअरबस 330 क्वालालंपूरला निघायचं होतं. विमानाला बाहेरून फेरी मारून बघायचं काम कॅप्टन करणार होता, पण कान झाकायचं त्याचं साधन हाताशी नव्हतं. म्हणून को-पायलट खाली उतरला आणि एरवी को-पायलटने करायचं कॉकपिटमधलं आकडे भरायचं काम कॅप्टनने केलं. त्यात 151 अंशांच्या जागी 15 अंश पडलं. विमान उभं सिडनीत, आणि स्वतःला समजत होतं केपटाउनच्या पश्चिमेला समुद्रात. फरक सुमारे 11,000 किलोमीटरचा. इशाऱ्याची घंटी वाजली, पडद्यावर संदेशही आले, पण त्यांचा अर्थ कुणाच्या लक्षात आला नाही. उड्डाण झाल्यावर ऑटोपायलट लावला तर विमान शेजारच्या समांतर धावपट्टीवरून निघणाऱ्यांच्या वाटेत वळायला लागलं. दोघांनी हवेतच दुरुस्ती करायचा प्रयत्न केला आणि त्यात आणखी काही यंत्रणा हातच्या घालवल्या. तोवर सिडनीत ढग खाली आले होते, परत येणं शक्य नव्हतं. शेवटी स्वच्छ हवामान बघून विमान मेलबर्नला उतरवलं. कुणालाही इजा झाली नाही.

तीन इनर्शियल संच असूनही काहीच उपयोग का झाला नाही? कारण तिघांना एकाच माणसाने, एकाच वेळी, एकच चुकीचा आकडा दिला होता. तिघांचं एकमेकांशी तंतोतंत जुळत होतं. संख्या वाढवली म्हणून पडताळणी होत नाही, माहिती वेगळ्या वाटेने यावी लागते. आणि त्या दिवशी कामांची अदलाबदल झाली तिथे नेहमीची घडी मोडली, हेही लक्षात घ्या. ठरलेल्या क्रमात ठरलेला माणूस ठरलेलं काम करतो तेव्हा दुसरा ते आपोआप तपासतो. क्रम मोडला की तपासणी गळते आणि गळाली हे जाणवतही नाही.

याच जातीची, पण फार वाईट शेवट झालेली घटना ब्राझीलची. 3 सप्टेंबर 1989, वारिग कंपनीचं बोइंग 737, माराबाहून उत्तरेला बेलेंला जाणारं. फ्लाइट प्लॅनवर दिशा छापली होती 0270. शेवटचा आकडा दशांशाचा, म्हणजे वाचायचं 27 अंश. कॅप्टनने वाचलं 270, म्हणजे थेट पश्चिम. को-पायलटने फ्लाइट प्लॅन बघायच्या ऐवजी कॅप्टनच्या बाजूचा आकडा बघून आपल्याकडे तोच लावला. शेजाऱ्याच्या पेपरात बघून उत्तर लिहिलं की दोघांचं उत्तर जुळतं, तेवढंच. संध्याकाळची वेळ होती. उत्तरेला जाणाऱ्या विमानात मावळता सूर्य डाव्या खिडकीत असायला हवा, तो समोरच्या काचेत होता. शेवटी इंधन संपलं आणि काळोखात विमान अ‍ॅमेझॉनच्या जंगलात उतरवावं लागलं. 54 पैकी 12 जण गेले. मुलांना मी हे प्रकरण शिकवतो तेव्हा आकड्यापेक्षा सूर्यावर जास्त वेळ घालवतो.

काही चुका आकड्याच्या नसून बटणाच्या असतात. ऑटोपायलटला दोन प्रकारे चालवता येतं: 'मी दिलेल्या दिशेने सरळ जा' किंवा 'कॉम्प्युटरमधल्या मार्गाने जा'. कोरियन एअर लाइन्सचं 007 हे उड्डाण 31 ऑगस्ट 1983 ला अँकरेजहून सोलला निघालं तेव्हा ऑटोपायलट पहिल्या प्रकारातच राहिला असावा, असा आंतरराष्ट्रीय नागरी हवाई संघटनेच्या 1993 च्या अहवालाचा निष्कर्ष आहे. पाच तासांहून जास्त वेळ विमान हळूहळू उत्तरेकडे सरकत राहिलं, शेकडो किलोमीटर, आणि सोव्हिएत हद्दीत शिरलं. तिथे लढाऊ विमानाने ते पाडलं. 269 माणसं गेली. त्यांच्याच कंपनीचं दुसरं विमान मागोमाग त्याच मार्गावर होतं. 007 चा रेडिओ अँकरेजला पोचत नव्हता, निरोप त्या मागच्या विमानामार्फत जात होते. एकाच मार्गावर एकामागून एक जाणाऱ्या दोन विमानांपैकी एकाचा आवाज पोचतो आणि दुसऱ्याचा नाही, एवढ्यावरूनही शंका यायला हवी होती. या घटनेनंतरच अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी जीपीएस नागरी वापरासाठी खुलं करण्याची घोषणा केली, म्हणजे आज तुमच्या खिशात जे आहे त्याच्या मुळाशी ही एक चूकही आहे.

म्हणून आज कॉकपिटमध्ये नुसतं बटण दाबून भागत नाही. बटण दाबलं म्हणजे हुकूम सुटला. तो मानला गेला का, हे समोरच्या पडद्यावरच्या वरच्या पट्टीत दिसतं. तिथे मार्गाचा मोड हिरव्या अक्षरांत उमटला की तो मोठ्याने वाचायचा, आणि दुसऱ्याने बघून दुजोरा द्यायचा. नव्या मुलांना हे पोपटपंची वाटतं. काही महिने उडाल्यावर वाटेनासं होतं.

आता आपल्या पुणे जिल्ह्यातली गोष्ट, जी इथल्याही फारशा लोकांना माहीत नसते. जुलै 1962 मध्ये अलितालियाचं डीसी-8 विमान सिडनीहून निघून बँकॉकमार्गे मुंबईला येत होतं. उड्डाण क्रमांक 771. मध्यरात्रीच्या सुमारास ते जुन्नर परिसरातल्या डोंगरावर, सुमारे 3,600 फुटांवर आदळलं. मुंबई तिथून 84 किलोमीटर. विमानातले सगळे 94 जण गेले. चौकशीचा निष्कर्ष असा की आपण मुंबईच्या बरेच जवळ आलो आहोत अशी वैमानिकाची समजूत झाली आणि त्या समजुतीवर त्याने उंची लवकर सोडली.

हरिश्चंद्रगड, नाणेघाट, शिवनेरी हा भाग पायी फिरलेल्यांना या वाक्याचा अर्थ लगेच कळेल. पूर्वेकडून मुंबईला येताना आधी दख्खनचं पठार, मग सह्याद्रीची धार, आणि मगच कोकणाची सखल पट्टी. धार ओलांडल्यावर हवी तेवढी उंची सोडा, खाली फारसं काही नाही. धार ओलांडायच्या आधी तीच उंची जिवावर बेतते. मध्ये अंतर किती? जेट विमानाच्या वेगाने मोजकी मिनिटं. पावसाळ्यातली रात्र, खाली काही दिसत नाही, आजच्यासारखा नकाशा दाखवणारा पडदा नाही. अशा वेळी 'आता पोचलोच' ही भावना फार गोड असते. लांबच्या प्रवासाच्या शेवटी माणसाचं मन विमानाच्या पुढे धावायला लागतं, हे मी माझ्याबरोबर बसलेल्या अनेकांत पाहिलंय.

चारच वर्षांनी एअर इंडियाचं 'कांचनजंगा' हे बोइंग 707 अगदी याच समजुतीला बळी पडलं. 24 जानेवारी 1966, बेरुतहून जिनिव्हाला जाताना माँ ब्लाँ शिखराजवळ ते आदळलं. 117 जण गेले, त्यांत डॉ. होमी भाभा होते. विमानातला एक व्हीओआर रिसीव्हर बंद होता, त्यामुळे नेमकी जागा ठरवणं अवघड होतं. वैमानिकाला वाटलं शिखर मागे पडलं. रडारवरच्या कंट्रोलरला दिसत होतं की अजून पाच मैल बाकी आहेत, आणि त्याने तसं सांगितलंही. पण ते ज्या शब्दांत सांगितलं गेलं त्यातून वैमानिकाने आपल्याला हवा तोच अर्थ घेतला आणि उतरणं चालू ठेवलं. या अपघातावर कटकारस्थानाच्या गोष्टी अजून फिरतात. मला त्यांची गरज वाटत नाही. जुन्नर आणि माँ ब्लाँ शेजारी ठेवा, साचा तोच आहे. वैमानिकाने 'मी इथे आहे' असं म्हटलं की कंट्रोलरने नुसतं बरोबर-चूक न सांगता 'तुम्ही अमुक ठिकाणापासून इतक्या मैलांवर, अमुक दिशेला आहात' असं सांगणं, आणि वैमानिकाने ते परत म्हणून दाखवणं, ही शिस्त अशा प्रकरणांमुळे अंगवळणी पडली.

सगळा दोष पायलटच्या माथी मारणंही बरोबर नाही. 28 नोव्हेंबर 1979 ला एअर न्यूझीलंडचं डीसी-10 अंटार्क्टिकाच्या सहलीवर माउंट एरेबस पर्वतावर आदळलं, 257 जण गेले. वैमानिकांना ब्रीफिंगमध्ये जो मार्ग दाखवला होता तो मॅकमर्डो खाडीवरून जाणारा होता. उड्डाणाच्या आदल्या रात्री कंपनीच्या कार्यालयात कॉम्प्युटरमधले आकडे बदलले गेले, नवा मार्ग थेट पर्वतावरून गेला, आणि वैमानिकांना कुणी सांगितलं नाही. पांढरा बर्फ, पांढरे ढग, समोर डोंगर आहे हे दिसलंच नाही. पहिल्या चौकशीने वैमानिकांना दोषी धरलं. नंतर न्यायमूर्ती माहोन यांच्या आयोगाने कंपनीला जबाबदार ठरवलं, आणि सरकारतर्फे पंतप्रधानांनी माफी मागितली ती 2019 मध्ये, चाळीस वर्षांनी.

चुकीच्या विमानतळावर उतरणं हा यातला त्यामानाने मजेशीर प्रकार, अर्थात कुणाला लागलं नाही तरच. मुंबईत हे दोनदा झालंय: 1953 मध्ये बीओएसीचं कॉमेट आणि 1972 मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-8, दोन्ही सांताक्रूझऐवजी जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरली. दोन्ही विमानतळ जवळजवळ, धावपट्ट्यांची दिशाही साधारण सारखी. समोर धावपट्टी दिसली की डोळे यंत्राकडे बघणं सोडतात. अमेरिकेत 2014 मध्ये साउथवेस्टच्या विमानाने ब्रॅन्सनऐवजी शेजारच्या छोट्या विमानतळावर हेच केलं, जीपीएसच्या जमान्यात.

रस्ता आडवाच चुकतो असंही नाही, उभाही चुकतो. मे 2022 मध्ये पॅरिसला उतरणाऱ्या एका एअरबस 320 ला कंट्रोलरने हवेचा दाब 1001 ऐवजी 1011 सांगितला. त्याच्यावरून उंची मोजायचं यंत्र लावलं जातं, आणि दाबातल्या एका आकड्यामागे साधारण 28 फूट. दहाचा फरक म्हणजे विमान दाखवतंय त्यापेक्षा 280 फूट खाली. पावसात धावपट्टी दिसत नव्हती. धावपट्टीच्या आधीच विमान जमिनीपासून 6 फुटांवर आलं होतं, आणि वैमानिकांनी धावपट्टी दिसत नाही म्हणून वर घेतलं तेवढ्यावर निभावलं. तपासायची दुसरी वाट सोपी होती: त्याच वेळी इतर विमानांना 1001 सांगितलं जात होतं, पण फ्रेंचमध्ये.

मग आम्ही करतो काय? उडण्याआधी एकाने भरलेला मार्ग दुसरा तपासतो, पण स्क्रीनवर स्क्रीन जुळवून नाही. हातात कागद किंवा टॅबलेटवरचा फ्लाइट प्लॅन, आणि प्रत्येक टप्प्याची दिशा आणि अंतर मोठ्याने. आकडे जुळत असतील तर पुढे. पुण्याहून दिल्लीला निघायचंय आणि एखादा टप्पा 110 अंशांच्या दिशेला, म्हणजे उत्तरेऐवजी पूर्वेकडे, 900 मैल दाखवत असेल, तर कुठेतरी घोटाळा आहे हे अक्षांश-रेखांश न बघताही कळतं. कोलंबियात 20 डिसेंबर 1995 ला अमेरिकन एअरलाइन्सच्या 965 उड्डाणात हीच एक नजर राहून गेली. कालीजवळच्या रोझो या रेडिओ केंद्रासाठी वैमानिकांनी नुसतं 'आर' टाइप केलं, कॉम्प्युटरने बोगोटाजवळचं रोमिओ निवडलं, आणि रात्री डोंगरांमधल्या दरीत विमान डावीकडे वळलं. वळण लक्षात यायला मिनिटभर लागला. 159 जण गेले. त्यानंतर पुढचा डोंगर नकाशावरून ओळखून आधीच ओरडणारी इशारा यंत्रणा सगळीकडे आली, आणि माझ्या मते त्या एका यंत्राने जितके जीव वाचवलेत तितके दुसऱ्या कशाने नाही.

बारामतीसारख्या ठिकाणी शिकणारी मुलं विचारतात की नकाशा, पेन्सिल आणि स्टॉपवॉच घेऊन उजनीचं पाणी शोधत उडायचा अट्टहास कशाला, पुढे तर सगळं कॉम्प्युटरच करणार. कारण त्यातून डोक्यात एक अंदाज बसतो. दिशा 1 अंश चुकली तर 60 मैलांवर 1 मैल चुकतो, हा साधा नियम हाताने केला की आयुष्यभर राहतो. पुणे ते नागपूर 1 अंशाने चुकत गेलात तर नागपूरला साधारण 10 किलोमीटर बाजूला निघाल. हा अंदाज असलेला माणूस पडद्यावरची चूक आधी पोटात ओळखतो, मग आकड्यात.

आणि आता तो अंदाज पुन्हा कामाला लागलाय, कारण जीपीएसच खोटं बोलायला लागलंय. 2023 च्या सप्टेंबरपासून इराक-इराणच्या भागात प्रवासी विमानांना खोटे उपग्रह संदेश मिळू लागले. नुसतं सिग्नल दाबणं वेगळं. इथे विमानाला पटेल असं चुकीचं ठिकाण सांगितलं जातं, आणि काही विमानांत इनर्शियल यंत्रणाही त्याच्या नादाने बिघडली. आपल्याकडे डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाने, नोव्हेंबर 2023 मध्ये याबद्दल सूचना काढल्या. अमृतसर-जम्मूच्या पट्ट्यात हे होतंच, 2025 च्या नोव्हेंबरात दिल्लीतही झालं.

ओळखायचं कसं? बऱ्याचदा पहिलं घड्याळ सांगतं. विमानाचं घड्याळ जीपीएसवर चालतं, ते अचानक काही तास मागे-पुढे गेलं की समजायचं. मग नकाशावर विमान उडी मारतं, किंवा तीस-पस्तीस हजार फुटांवर असताना जमीन जवळ आल्याचा इशारा ओरडायला लागतो. अशा भागात शिरण्याआधीच जीपीएसचा आधार तोडायचा, इनर्शियलवर जायचं, आणि व्हीओआर-डीएमईवरून दिशा आणि अंतर हाताने जुळवत राहायचं. शंका आली की कंट्रोलरला सरळ सांगायचं: जीपीएस भरवशाचं नाही, हेडिंग, म्हणजे जायची दिशा, द्या. त्याचं रडार जमिनीवरून स्वतः दिशा आणि अंतर मोजतं, उपग्रहावर अवलंबून नसतं. मोबाइलवरची विमानं दाखवणारी ॲप मात्र बहुतांशी विमानाने स्वतः पाठवलेल्या जागेवर चालतात. त्यामुळे घरी बसून बघणाऱ्याला विमान भलत्याच देशात किंवा एका जागी गोल फिरताना दिसेल, आणि त्याच क्षणी रडारवर ते आपल्या मार्गावर सरळ चाललेलं असेल.